आधी खाण्याचे झटके, मग वजन

मी नाशिकमध्ये आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. माझ्याकडे येणारी बहुतेक माणसं एकच गोष्ट मागतात, तक्ता. सकाळी काय खायचं, रात्री काय खायचं आणि महिन्याला किती किलो उतरेल. त्यातल्या काहींना मी पहिल्या भेटीत तक्ता देत नाही. आधी विचारते, ‘असं कधी होतं का, की खाणं थांबवायचं असतं पण हात थांबत नाही?’ काही जण चटकन नाही म्हणतात. काही जण आधी दाराकडे बघतात, बाहेर बसलेल्या नवऱ्याला किंवा आईला ऐकू जाईल का म्हणून, आणि मग खालच्या आवाजात बोलू लागतात. या दुसऱ्या लोकांसाठी हे लिहिते आहे.

लग्नात पंगतीला दोन जिलब्या जास्त खाल्ल्या, दिवाळीत फराळावर ताव मारला, याला आजार म्हणत नाहीत. बिंज, म्हणजे खाण्याचा झटका, वेगळं असतं. साधारण दोन तासांच्या आत, इतर कोणी तेवढ्या वेळात खाणार नाही इतकं खाल्लं जातं आणि खाताना आपला ताबा सुटलाय हे कळत असतं. भराभर खाणं, पोट दुखेपर्यंत खाणं, भूक नसताना खाणं, लाजेपोटी एकट्याने खाणं आणि नंतर स्वतःची किळस किंवा अपराधी वाटणं, या पाचपैकी किमान तीन गोष्टी त्यात असतात. आठवड्यातून निदान एकदा असं तीन महिने होत राहिलं आणि त्याचा त्रास होत असला, तर त्याला बिंज इटिंग डिसऑर्डर म्हणतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम-५ या निदान-पुस्तिकेत २०१३ साली त्याला स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली. तो बायकांनाच होतो असं नाही. पुरुषांनाही होतो, फक्त ‘खाता-पिता गडी आहे’ म्हणून तो खपून जातो.

खाल्ल्यानंतर घशात बोटं घालून उलटी करत असाल, जुलाबाच्या गोळ्या घेत असाल किंवा दोन-दोन दिवस उपाशी राहून भरपाई करत असाल, तर पुढचं वाचत बसू नका, थेट मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. त्यात शरीरातलं पोटॅशियम घसरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. जगणं नको वाटत असेल तर आजच बोला. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास सुरू असतो, तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.

क्रम का महत्त्वाचा

आहार, समुपदेशन, योग, आयुर्वेद, औषधं, सगळंच आज हाताशी आहे. लोक सगळं एकदम सुरू करतात. सोमवारपासून भात बंद, साखर बंद, सकाळी काढा, संध्याकाळी जिम. गुरुवारी रात्री सगळं कोसळतं. माझं म्हणणं एवढंच आहे की आधी झटके थांबवायचे आणि वजनाला त्यानंतर हात घालायचा. उलट्या क्रमाने गेलं की दोन्ही हातचं जातं.

याचं कारण शरीरातच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्रज्ञ अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला. ही मुलं दिवसभर खाण्याचाच विचार करू लागली आणि पुन्हा पोटभर अन्न मिळू लागल्यावर त्यांच्यातल्या काहींचं खाणं आवरेनासं झालं. त्यांच्या मनात आधी काही बिघाड नव्हता, तो उपाशी राहण्यातून आला. ज्याला आधीपासून झटके येतात त्याला कडक डाएट देणं म्हणजे पुढच्या झटक्याची तारीख ठरवून देणं आहे. दिवसातून दोनदाच जेवण्याचा प्रयोग महाराष्ट्रात घरोघरी पोचला आहे. ज्यांना तो मानवला त्यांच्याशी माझं भांडण नाही, पण बिंजचा त्रास असलेल्यांनी तो करू नये, असं मी ठामपणे सांगते.

पहिल्यांदा डॉक्टर

एमडी मेडिसिन किंवा तुमचे नेहमीचे फॅमिली डॉक्टर चालतील. रक्तदाब, एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर), टीएसएच (थायरॉइड), लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी), यकृताची तपासणी, हिमोग्लोबिन, बी-१२ एवढं बघून घ्या. झोपेत जोरात घोरत असाल आणि दिवसा पेंगत असाल तर तेही सांगा, कारण स्लीप अॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास मधेमधे थांबण्याचा त्रास, असेल तर तो थकवा खाण्यावर निघतो. पाळी अनियमित असेल तर पीसीओएसची, म्हणजे बीजकोशांशी संबंधित हार्मोनच्या बिघाडाची, चौकशी करा.

आणि घरातल्या सगळ्या औषधांची पाकिटं बरोबर न्या. स्टेरॉइड, ओलान्झापिन, व्हॅल्प्रोएट, मिर्टाझापिन, काही अॅलर्जीच्या गोळ्या, यांनी भूक आणि वजन वाढू शकतं. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी जेवण चुकवलं तर साखर खाली जाते, हातपाय थरथरतात आणि मग माणूस दिसेल ते तोंडात टाकतो. त्याला मनाचा कमकुवतपणा म्हणणं हा अन्याय आहे. मात्र कुठलंही औषध स्वतःहून बंद करायचं नाही.

वजनाचे मापदंड आपल्यासाठी वेगळे आहेत. भारतीयांमध्ये कमी वजनावरही मधुमेह होतो, म्हणून २००९ च्या भारतीय मार्गदर्शनानुसार बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. उंची १५८ सेंटीमीटर आणि वजन ७२ किलो असेल तर बीएमआय साधारण २८.८ येतो. पण मला काट्यापेक्षा टेप महत्त्वाची वाटते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता मोजा. बायकांना ८० सेंटीमीटर आणि पुरुषांना ९० सेंटीमीटर ही रेषा आहे. मोजा, लिहून ठेवा आणि महिनाभर विसरा.

वही

पुढचं काम वहीचं. दोनशे पानी घ्या, अॅप नको. अॅप कॅलरी मोजतं, आणि कॅलरीचा आकडा दुपारी दोनलाच ‘संपला’ की संध्याकाळ हातातून जाते. वहीत फक्त वेळ, काय खाल्लं, कुठे बसून किंवा उभं राहून, आणि मनात काय चाललं होतं एवढंच लिहायचं. ताबा सुटला असेल तिथे चांदणी करायची. खाल्ल्या-खाल्ल्या लिहायचं, रात्री आठवून नाही. एक पान असं दिसतं :

‘मंगळवार. ७ वाजता चहा, दोन मारी. दीडला दोन फुलके, दुधीची भाजी, भात नाही. ५ वाजता चहा. सव्वासातला घरी. ७.२० ते ७.५० ओट्यापाशी उभ्याने अर्धा डबा चिवडा, तीन पोळ्या तूप-साखर लावून, मुलाच्या डब्यातला उरलेला उपमा, श्रीखंड चमच्याने. चांदणी. साहेबांनी सगळ्यांसमोर फाईल परत केली. घरात कुणी नव्हतं. रात्री जेवले नाही.’

ही वही घेऊन येणारी बाई मला म्हणते, ‘बघा ना, माझ्यात कंट्रोलच नाही.’ मी बोट ठेवते ते दुपारच्या दीडवर. दीड ते सव्वासात, पावणेसहा तास, पोटात फक्त चहा. त्याआधी सकाळचा नाश्ता नाही, दुपारचा भात वगळलेला. वर साहेबांची फाईल. या बाईने सात-वीसला चिवड्याचा डबा उघडला नसता तरच आश्चर्य. शिवाय शेवटची ओळ बघा, ‘रात्री जेवले नाही.’ म्हणजे उद्याच्या झटक्याची तयारी आजच झाली. आठवडाभराची पानं समोर ठेवली की तुम्हालाही हे दिसू लागतं, आणि स्वतःला शिव्या देणं आपोआप कमी होतं.

घड्याळ

वहीबरोबरच दुसऱ्या आठवड्यापासून खाण्याच्या वेळा बांधायच्या. ऑक्सफर्डच्या क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी बिंजसाठी जी उपचारपद्धत घडवली, तिचा पाया हाच आहे. तीन जेवणं, दोन-तीन छोटी खाणी आणि दोन खाण्यांत चार तासांपेक्षा जास्त अंतर नाही. भूक लागो न लागो. भूक आणि तृप्ती यांचे निरोप सध्या बिघडलेले आहेत, त्यामुळे काही दिवस घड्याळावर भरवसा ठेवायचा.

आपल्या घरात हे सहज बसतं. आठला पोहे, उपमा किंवा मुगाचं धिरडं, सोबत दही किंवा अंडं. अकराला ताक किंवा फळ. एकला पूर्ण ताट, म्हणजे पोळी किंवा भाकरी, आमटी, उसळ, भाजी, कोशिंबीर आणि भातसुद्धा. रात्री साडेआठला जेवण. यात सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात मोलाचं खाणं संध्याकाळी पाचचं. ऑफिसातून निघण्याआधी किंवा बस पकडण्याआधी ते झालंच पाहिजे. मूठभर भाजलेले शेंगदाणे-गूळ, चणे-फुटाणे, उकडलेलं अंडं, घरची मटकीची उसळ, डब्यात आणलेली अर्धी भाकरी-चटणी, काहीही चालेल. माझ्या अनुभवात संध्याकाळचे झटके कमी व्हायला सुरुवात होते ती या पाचच्या डब्यापासून.

‘एवढं खाल्लं तर वजन वाढणार नाही का?’ हा प्रश्न येतोच. बहुतेकांचं वाढत नाही, कारण एका झटक्यात जे जात होतं ते या दोन खाण्यांपेक्षा कितीतरी जास्त असतं. भीती वाटत राहील. वाटत असतानाच खायचं.

आता उपासांबद्दल. हा विषय नाजूक आहे आणि मी श्रद्धेच्या आड येत नाही. पण संकष्टीला दिवसभर चहावर राहून रात्री नऊ-साडेनऊला चंद्रोदयानंतर ताटावर बसणं, बिंजच्या रुग्णासाठी फार कठीण परीक्षा आहे. झटके थांबून काही महिने स्थिर जाईपर्यंत निर्जळी आणि कडक उपास बाजूला ठेवा. ज्यांना उपास सोडणं अगदीच जमत नाही त्यांनी फराळाच्या वेळाही घड्याळाने बांधाव्यात. वरीचे तांदूळ आणि शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दही, रताळं, फळ असं दर तीन-चार तासांनी घ्यावं. नुसत्या साबुदाण्याच्या खिचडीवर दिवस काढू नये, साबुदाण्यात पिष्टाखेरीज फारसं काही नसतं. आजारात उपास सोडायला आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्यांनी नेहमीच मुभा दिली आहे. हा आजार आहे, हे त्यांना सांगावं लागतं.

हात डब्याकडे जातो तेव्हा

वेळा बांधल्यावरही ओढ येणारच. ती लाटेसारखी चढते आणि खात बसला नाहीत तरी ओसरते. बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत. ‘खाणार नाही’ अशी शपथ घेऊ नका. ‘पंधरा मिनिटांनी ठरवेन’ असं म्हणा आणि स्वयंपाकघरातून बाहेर पडा. ओढ सौम्य असताना शांत डोक्याने एक यादी करून फ्रीजच्या दारावर नाही, मोबाइलमध्ये ठेवा. बहिणीला फोन, गच्चीवर दोन फेऱ्या, अंघोळ, कपाटाच्या खणाची आवराआवर, मुलाला घेऊन खाली जाणं. दोन्ही हात गुंततील आणि माणसं आजूबाजूला असतील अशी कामं चांगली. टीव्ही आणि रील्स यांचा उपयोग होत नाही, कारण हात मोकळे राहतात.

आणखी एक सराव मी समोर बसवून करून घेते. वाटीत पाच भाजलेले शेंगदाणे. एक उचलायचा, साल चिमटीत चोळून काढायची, वास घ्यायचा, जिभेवर ठेवायचा आणि लगेच चावायचा नाही. पहिला दाणा लोक संकोचाने खातात. तिसऱ्या दाण्याला बरेच जण सांगतात की हा जरा करपलाय किंवा हा गोड आहे. रोज ज्या पदार्थाने झटका येतो त्याची चव त्यांना कित्येक दिवसांत लागलेलीच नसते. घरी रोजच्या एका जेवणाचे पहिले पाच घास असेच खायचे. बसून, ताटात वाढून, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून.

इथे आयुर्वेद माझ्या फार उपयोगी पडतो. चरकसंहितेच्या विमानस्थानात जेवणाचे नियम आहेत. आधीचं पचल्यावर जेवावं, फार घाईने नको, फार रेंगाळत नको, बडबड आणि हसणं टाळून मन जेवणात ठेवावं. पुढच्याच अध्यायात म्हटलंय की चिंता, शोक, भय, क्रोध आणि जागरण असेल तर पथ्याचं अन्न बेताने खाल्लं तरी पचत नाही. साठीच्या पुढच्या रुग्णांना ‘माइंडफुल इटिंग’, म्हणजे लक्ष देऊन खाणं, म्हटलं की ते ओशाळे होतात, चरकाचं हे सांगितलं की मान डोलावतात आणि करायला लागतात.

मनाचा इलाज

वही आणि वेळा पाळून दोन-तीन महिन्यांत झटके कमी झाले नाहीत, किंवा त्यांच्यामागे जुनं दुःख, मारहाण, नैराश्य, दारू असं काही असेल, तर आहारतज्ज्ञ पुरी पडत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट शोधा आणि सरळ विचारा, ‘तुम्ही खाण्याच्या आजारांसाठी सीबीटी करता का?’ सीबीटी म्हणजे विचार आणि वागणं यांवर ठरावीक भेटींत केलेलं काम. ब्रिटनमध्ये उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या नाइस या संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत बिंजसाठी आधी याच पद्धतीची मार्गदर्शनाखालची स्वयंमदत, मग गटात आणि मग एकेकट्याने उपचार असा क्रम दिला आहे. त्याच सूचनांत प्रामाणिकपणे सांगितलंय की या उपचारांनी वजनावर मर्यादितच परिणाम होतो. हे आधीच ठाऊक असू द्या, म्हणजे झटके थांबले तरी काटा हलला नाही म्हणून उपचार सोडणार नाही.

मानसोपचारतज्ज्ञ काही वेळा फ्लुओक्सेटिनसारखं किंवा टोपिरामेटसारखं औषध देतात. टोपिरामेटने गर्भाला व्यंग येऊ शकतं, तेव्हा मूल होण्याची शक्यता असलेल्या स्त्रियांनी ते घेताना संततिनियमनाबद्दल बोललंच पाहिजे. फक्त गोळीवर हा आजार सोडू नये.

योग, चालणं, झोप

व्यायाम शिक्षा म्हणून करायचा नाही. काल जास्त खाल्लं म्हणून आज दोन तास ट्रेडमिल, हे बिंजच्याच चक्राचं दुसरं टोक आहे. रोज तीस मिनिटं चालणं आणि आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम एवढ्यावर सुरुवात होते. योगातून मला हवा असतो तो शांतपणा. संध्याकाळी घरात शिरल्यावर, स्वयंपाकघरात पाय ठेवण्याआधी, पाच मिनिटं भ्रामरी आणि दीर्घ श्वसन, श्वास सोडताना जरा लांबवत. दिवसातल्या सगळ्यात धोक्याच्या वेळेला ही पाच मिनिटं मोठा आधार देतात. लोणावळ्याच्या कैवल्यधामात १९२४ पासून योगाचा शास्त्रीय अभ्यास होतो आहे. अशा ठिकाणी शिकलेला शिक्षक मिळाला तर उत्तम, नसेल तर पोट दाबून वजन उतरवण्याचं आश्वासन देणाऱ्यापासून तरी दूर राहा. गुडघे दुखत असतील, रक्तदाब जास्त असेल तर सूर्यनमस्कार डॉक्टरांना विचारूनच.

झोप सात तास. अपुऱ्या झोपेत भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं आणि तृप्ती सांगणारं लेप्टिन घटतं. रात्री साडेबाराला जागं असलेल्या माणसाला फ्रीज दिसतोच.

वजन आता

झटके सलग दोन-तीन महिने जवळजवळ थांबले की मग वजनाकडे वळा. पाच ते दहा टक्के घट हे पहिलं लक्ष्य, कारण तेवढ्यानेही साखर, रक्तदाब आणि यकृतातली चरबी सुधारते. ऐंशी किलोच्या माणसाला चार ते आठ किलो. ताटातली डाळ-उसळ आणि भाजी वाढवायची, तळलेलं आणि गोड पेयं कमी करायची, वेळा मात्र मोडायच्या नाहीत. वजन आठवड्यातून एकदाच. रोज काट्यावर उभं राहणाऱ्याचा दिवस काटा ठरवतो.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांबद्दल आता प्रत्येक जण विचारतो. मौंजारो भारतात मार्च २०२५ मध्ये आलं आणि वेगोव्ही जून २०२५ मध्ये. त्यांनी भूक कमी होते, वजनही चांगलं उतरतं, आणि मधुमेह असलेल्या लठ्ठ रुग्णांना त्यांचा खरा फायदा आहे. पण बिंजच्या आजारासाठी म्हणून त्यांना मान्यता मिळालेली नाही. औषध थांबलं की वजन पुन्हा चढतं, प्रथिनं आणि व्यायाम कमी पडला तर स्नायू झडतात आणि दिवसभर न जेवण्याची जुनी सवय असलेल्यांना तर न जेवायला नवं निमित्त मिळतं. घ्यायचंच तर एंडोक्रिनॉलॉजिस्ट (हार्मोनतज्ज्ञ) किंवा एमडींच्या देखरेखीखाली, खाण्याच्या वेळा तशाच ठेवून आणि त्यांना बिंजबद्दल सांगून. वजन उतरवण्यासाठीच्या पोटाच्या शस्त्रक्रियेलाही हेच लागू. आधी मानसिक तपासणी झालीच पाहिजे.

आयुर्वेदिक औषध घ्यायचं तर बीएएमएस वैद्यांकडून, नाव-घटक लिहिलेलं, आणि बाकीच्या डॉक्टरांना कळवून. बिननावाची पुडी, ‘चरबी वितळवणारा’ काढा, ऑनलाइन मिळणाऱ्या गार्सिनियाच्या कॅप्सूल नकोत. गार्सिनियाने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. चांगला वैद्य दिनचर्येपासूनच सुरुवात करतो, हे मी पाहिलंय.

घरच्यांना दोनच गोष्टी सांगते. ताटावर बोलू नका, आणि डब्यांना कुलूप लावू नका. ‘अगं, अजून एक पोळी?’ या वाक्यानंतर ती पोळी ताटातून जाते आणि रात्री अंधारात चौपट होऊन परत येते. मदत करायची तर पाचचा डबा भरून द्या आणि रात्री सोबत जेवायला बसा.

मधेच एखादा झटका येईल. सणात, आजारपणात, परीक्षेच्या दिवसांत हमखास. त्या रात्री उपाशी झोपायचं नाही. पुढचं जेवण ठरल्या वेळी, नेहमीएवढं. वहीत चांदणी करायची, आदल्या सहा तासांत काय घडलं ते लिहायचं. वही फाडून नवी सुरू करायची नाही, ते पान पुढच्या भेटीत सगळ्यात उपयोगी ठरतं.

पहिल्या भेटीला निघताना पिशवीत एवढं घ्या : आठवडाभराची वही, औषधांची पाकिटं, जुने रिपोर्ट, कमरेचं माप, आणि एका चिठ्ठीवर लिहिलेलं हे वाक्य, ‘मला खाण्यावर ताबा राहत नाही.’ तोंडाने म्हणवलं नाही तर चिठ्ठी टेबलावर सरकवा. समोरच्याने ती वाचून ‘तोंडाला आवर घाला’ एवढंच सुनावलं, तर दुसरा डॉक्टर शोधा.